पेनड्राइव्हमधलं लिनक्स: सहा संगणक, २३ मुलं. प्रत्येकाला आपापला संगणक देता येईल का?

वाचनकट्टा | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या पूर्व भागात आम्ही चार-पाच जण मिळून एक अभ्यासिका चालवतो. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, दोन भिंतींना पुस्तकांची कपाटं. येणाऱ्या बहुतेक मुलांच्या आया विड्या वळतात, वडील यंत्रमागावर नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात. घरात तेलुगू, शाळेत मराठी.

गेल्या वर्षी एका कार्यालयाने आपले संगणक बदलले आणि जुने सहा आम्हाला दिले. इंटेलचे दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम. त्यातल्या दोघांच्या हार्डडिस्क खरखर करतात. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ अधिकृतपणे बसवायचं तर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो, म्हणजे ही यंत्रं त्यात बसत नाहीत.

पण धागा काढायचं कारण वेगळं आहे. सातवीतला एक मुलगा घरच्या नळाला पाणी कधी आलं, किती वेळ आलं याची नोंद ठेवत होता. तीन महिने, रोज आईला विचारून. त्याला त्याचा आलेख काढायचा होता. सगळी मुलं एकाच खात्यावर बसतात, डेस्कटॉप एकच. दुसऱ्या एका मुलीने 'नवीन' नावाने आपली फाइल सेव्ह केली. त्याच्याही फाइलचं नाव 'नवीन'च होतं. तो रडला नाही, तिच्याशी भांडलाही नाही. दुसऱ्या दिवसापासून तो वही घेऊन यायला लागला आणि संगणकाकडे फिरकेनासा झाला. मला ते फार लागलं. यंत्रं सहाच असली तरी प्रत्येकाला त्यात स्वतःची जागा हवी.

म्हणून पेनड्राइव्हचा विचार आला. प्रत्येकाच्या पेनड्राइव्हमध्ये आख्खी लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच पण मोफत मिळणारी यंत्रणा. ज्या यंत्रावर जागा असेल तिथे लावायचा आणि सुरू करायचं. मी करून बघितलं. रुफस या साधनाने उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं, चालू झालं. मराठी कळफलक बसवला, दोन फाइली केल्या, बंद करून परत चालू केलं तर सगळं कोरं. माझं नेमकं कुठे चुकलं?

ग्राफवाला | रविवार, रात्री १०.२५

चुकलं काही नाही. लाइव्ह लिनक्स, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट चालणारं, मुळात असंच वागतं. का वागतं ते कळलं की पुढचे निर्णय सोपे जातील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी चादर-टॉवेलची डिझाइनं करतो. पूर्वी जॅकार्डसाठी (मागावर नक्षी विणायची जोडणी) ग्राफ पेपरवर एकेक चौकट भरावी लागायची. पक्का झालेला ग्राफ खराब होऊ नये म्हणून आम्ही वर ट्रेसिंग पेपर ठेवायचो आणि बदल त्याच्यावर काढायचो. वरून पाहिलं की दोन्ही मिळून एकच नक्षी दिसते. लाइव्ह लिनक्सचं काम तसंच चालतं. खालचा ग्राफ म्हणजे स्क्वॅशएफएस, दाबून लहान केलेली एक मोठी फाइल. तिच्यातून वाचता येतं, तिच्यात लिहिता येत नाही. तुम्ही जे काही करता ते वरच्या थरावर उमटतं, आणि ओव्हरलेएफएस दोन्ही थर जुळवून एकच चित्र दाखवतं. वरचा थर कुठे ठेवायचा हे सांगितलं नाही तर तो रॅममध्ये राहतो. संगणक बंद झाला की ट्रेसिंग पेपरही गेला.

ही रचना सीडीच्या काळातली आहे. क्लाउस नॉपर यांचं नॉपिक्स २००० साली आलं आणि सीडीवरून पूर्ण यंत्रणा चालवायची सवय लोकांना लागली. सीडीवर परत लिहिता येत नसे, म्हणून बदल दुसरीकडे ठेवण्यावाचून इलाज नव्हता. पेनड्राइव्हवर लिहिता येतं, त्यामुळे वरचा थर तिथेच साठवता येतो. याला पर्सिस्टन्स म्हणतात. रुफसमध्ये उबुंटूची आयएसओ (आख्खी यंत्रणा असलेली एकच फाइल) निवडली की पर्सिस्टंट पार्टिशनची एक पट्टी दिसते. ती शून्यावर राहिली असणार. ती सरकवून ८-१० जीबी द्या आणि परत करून बघा.

कोणी तुम्हाला सांगेल की पेनड्राइव्हवर सरळ पूर्ण इन्स्टॉलच करा, हार्डडिस्कवर करतात तसं. होतं, पण मी करणार नाही. पूर्ण यंत्रणा सतत बारीक बारीक लिहीत असते: लॉग, कॅशे, अपडेटच्या हजारो लहान फाइली. स्वस्त पेनड्राइव्ह एक मोठी फाइल बऱ्या वेगाने लिहितो, पण विखुरलेलं बारीक लिखाण आलं की गुदमरतो. माउस हलतो आणि बाकी सगळं थिजतं. शिवाय फ्लॅश मेमरीचा प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो. स्क्वॅशएफएसचा आणखी एक फायदा म्हणजे दाबलेली फाइल असल्याने ड्राइव्हवरून कमी वाचावं लागतं, उलगडण्याचं काम प्रोसेसर करतो. जुन्या यूएसबी २.० पोर्टवर हा फरक हाताला जाणवतो.

तरीही पूर्ण इन्स्टॉल करायचंच असेल तर यूएसबी केसमध्ये एसएसडी घाला, आणि करताना संगणकाच्या हार्डडिस्कची केबल काढून ठेवा. बूटलोडर (संगणक चालू होताना यंत्रणा सुरू करणारा प्रोग्राम) चुकून आतल्या डिस्कवर जाऊन बसतो आणि मग पेनड्राइव्ह काढला की मूळ संगणकही सुरू व्हायला कुरकुरतो. एका मित्राच्या संगणकावर माझ्या हातून हे झालं होतं. पूर्ण रात्र गेली ते निस्तरण्यात.

अक्कलकोटरोड | सोमवार, सकाळी ७.१०

अण्णा, लिनक्स कुठलं ते नंतर ठरवा, आधी पेनड्राइव्ह बघून घ्या की. मी एमआयडीसीत मशिनी दुरुस्त करतो, खिशात कायम तीन-चार ड्राइव्ह असतात. मागं हातगाडीवरनं ६४ जीबीचे पाच घेतलो. आत ८ जीबीच होतं. वरची चिप खोटं सांगतंय, संगणकाला ६४ दाखवतंय, आणि ८ च्या पुढं लिहिलेलं सगळं हवेत. वाईट काय, तर लिहिताना चूक दाखवत नाही. परत वाचायला गेल्यावर कळतंय. लेकरांच्या बाबतीत असं झालं तर तुमचा तो पाण्याच्या नोंदीवाला पोरगा परत कधी संगणकाला हात लावणार नाही.

लिनक्सवर एफ-थ्री म्हणून साधन हाय. आख्खा ड्राइव्ह भरतंय, मग वाचून सगळं जुळतंय का बघतंय. विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू तेच काम करतंय. ३२ जीबीला वेळ लागतंय, लागू द्या. एकेक तपासल्याशिवाय कुणाच्या हातात देऊ नका. आणि नवी पेठेतल्या दुकानातनं बिल घेऊन घ्या, खराब निघालं तर बदलून तरी मागता येतंय.

मी स्वतः व्हेंटॉय वापरतो. एकदा ड्राइव्हवर बसवलं की आयएसओ फाइली नुसत्या कॉपी करायच्या, चालू करताना यादी येतंय, पाहिजे ते निवडायचं. दुरुस्तीला लई चांगलं. पण लेकरांना यादी कशाला? त्यांना एकच सरळ पाहिजे. त्यांच्यासाठी एमएक्स लिनक्स बघा, लिनक्सचाच हलका प्रकार हाय. ४ जीबीत आरामात चालतंय.

होटगीरोडचा_मास्तर | सोमवार, दुपारी ३.५५

हेतू फार चांगला आहे, पण मला शंका आहे. मी २२ वर्षं शाळेत शिकवतोय. पेन्सिल, पट्टी, कंपास, डबा, मुलं सगळं हरवतात. बोटाएवढा पेनड्राइव्ह किती दिवस टिकेल? एका चांगल्या यंत्राला सर्व्हर करा, बाकीची पाच नेटवर्कवरून बूट (सुरू) करा. एलटीएसपी हे लिनक्सवरचं साधन त्यासाठीच आहे. प्रत्येक मुलाला स्वतःचं खातं आणि पासवर्ड द्या, सगळ्यांच्या फाइली एका जागी राहतील, बॅकअपही एकच. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत मी असंच केलंय.

वाचनकट्टा | सोमवार, रात्री ९.१५

सर, मनापासून आभार. तुमचा मुद्दा मी दोनदा वाचला. आमच्याकडे केबल ओढलेल्या नाहीत आणि स्विचही नाही, पण तो खर्च उभा करता येईल. अडचण दुसरीकडे आहे. अभ्यासिका संध्याकाळी ५ ते ९ असते. एका मुलीच्या मामाकडे जुना लॅपटॉप आहे, ती सुट्टीत तिथे जाते. दोघं-तिघं रविवारी एका काकांच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतात. सर्व्हर अभ्यासिकेत राहिला तर त्यांचं कामही अभ्यासिकेत अडकून राहील. पेनड्राइव्ह त्यांच्याबरोबर जाईल. आणि खरं सांगायचं तर या मुलांच्या घरात 'हे फक्त माझं' म्हणता येईल अशी वस्तू फार थोडी असते. एका खोलीत सहा-सात माणसं. मला ती एक वस्तू त्यांच्या हातात द्यायची आहे.

शेंगाचटणी | सोमवार, रात्री ११.३०

मी मूळची सोलापूरची, आता पुण्यात नोकरीला. एमएक्स लिनक्सवर लाइव्ह यूएसबी गेली सहा वर्षं रोज वापरते, त्यामुळे थोडं खोलात लिहिते.

एमएक्समध्ये लाइव्ह यूएसबी मेकर नावाचं साधन आधीपासून असतं. त्याने केलेला ड्राइव्ह ईएक्सटी४ वर (लिनक्सची फाइली ठेवायची पद्धत) बनतो आणि यूईएफआयसाठी (नव्या संगणकांची सुरू होण्याची पद्धत) एक छोटं फॅट पार्टिशन वेगळं राहतं. हे महत्त्वाचं अशासाठी की फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही आणि पर्सिस्टन्सची फाइल तिथे अडकते.

आता खरा प्रश्न आहे काय टिकवायचं याचा. एमएक्सच्या बूट मेनूत पर्सिस्टन्सचे पर्याय येतात. रूट म्हणजे यंत्रणेतले बदल: नवीन प्रोग्राम, अपडेट, सेटिंग. होम म्हणजे माणसाच्या फाइली, ब्राउझरच्या खुणा, वॉलपेपर, कळफलकाची निवड. रूट दोन तऱ्हांनी टिकवता येतं. एकात बदल रॅममध्ये साठतात आणि बंद करताना ड्राइव्हवर उतरतात. हे वेगवान आहे, ड्राइव्हही कमी झिजतो, पण मध्येच वीज गेली तर त्या बैठकीतले बदल जातात. दुसऱ्यात प्रत्येक बदल थेट ड्राइव्हवर जातो. हळू, पण वीज गेली तरी बरंचसं शाबूत राहतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते तुम्हाला सांगायला नको.

पण वाचनकट्टा दादा, मुलांसाठी मी रूट टिकवणारच नाही. फक्त होम टिकवा. यंत्रणा रोज कोरी, स्वच्छ, तुम्ही दिली तशीच उघडेल. एखाद्या मुलाने उत्साहात काही मोडलं तर बंद करून चालू केलं की जागेवर. त्याचं घर मात्र जसंच्या तसं, कारण होममधलं लिखाण सरळ ड्राइव्हवर जातं. तुम्ही शोधताय ती 'स्वतःची जागा' लिनक्समध्ये होम याच नावाने असते.

पद्धत अशी: एक मूळ ड्राइव्ह तयार करा. त्यात लिब्रेऑफिस, मराठी-तेलुगू कळफलक, मुलांचे प्रोग्राम, सगळं बसवा. मग रीमास्टर करा, म्हणजे केलेले बदल दाबून नव्या स्क्वॅशएफएसमध्ये जातात, ट्रेसिंग पेपरवरचं ग्राफवर उतरतं. त्या मूळ ड्राइव्हवरून संगणक चालू असताना लाइव्ह यूएसबी मेकरमध्ये चालू यंत्रणेची प्रत काढायचा पर्याय निवडा आणि २३ ड्राइव्ह करा. ड्राइव्हची आख्खी नक्कल काढणाऱ्या साधनांनी करू नका; वेगवेगळ्या कंपन्यांचे ३२ जीबी अगदी सारख्या आकाराचे नसतात आणि मूळ मोठा, प्रत लहान निघाली की काम फसतं.

कळफलकाबद्दल एक आग्रह. आयबस आणि एम-सेव्हन्टीन-एन (भारतीय भाषा टाइप करायची साधनं) बसवून इनस्क्रिप्ट हा कळफलक शिकवा. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. आणि तुमच्या मुलांसाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे भारतीय लिप्यांमध्ये अक्षरांच्या जागा त्याच राहतात. मराठीचा 'क' ज्या कळीवर, तेलुगूचा 'క' त्याच कळीवर, कन्नडचंही तिथेच. बोटांना एकदा कळलं की मूल आजीच्या भाषेतही लिहू शकेल.

कंबरतलाव | मंगळवार, सकाळी ८.०५

दोन गोष्टी तळमळीने सांगतो. पहिली, परवानगी. दुसऱ्याच्या संगणकात पेनड्राइव्ह लावून वेगळी यंत्रणा चालू करायची तर मालकाला आधी विचारायचं, हे मुलांना पहिल्या दिवशी शिकवा. शाळेची प्रयोगशाळा, सायबर कॅफे, नातेवाइकांचं ऑफिस, कुठेही. लिनक्समधून आतली हार्डडिस्क उघडता येते, त्यामुळे समोरच्याला भीती वाटणं साहजिक आहे. तुमच्या मूळ ड्राइव्हमध्ये आतल्या डिस्क आपोआप उघडणार नाहीत असं ठेवा. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ती डिस्क अर्धवट झोपलेली असते, तिच्यात लिहायला गेलं तर फाइली बिघडू शकतात.

दुसरी, कागदपत्रं. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी मुलं आधार, जातीचा दाखला, पासबुक सगळं स्कॅन करून ठेवतील. पेनड्राइव्ह हरवला तर उचलणाऱ्याला ते सहज वाचता येईल. लाइव्ह यूएसबी मेकरमध्ये ड्राइव्ह एन्क्रिप्ट, म्हणजे पासवर्डने कुलूपबंद, करता येतो. तो पर्याय नक्की वापरा.

ग्राफवाला | मंगळवार, सकाळी १०.४०

कंबरतलाव यांचं पहिलं शंभर टक्के पटलं. दुसऱ्यात एक अडचण दिसते. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या डेस्कटॉप आय-थ्रीमध्ये एईएससाठीच्या (एन्क्रिप्शनची नेहमीची पद्धत) खास सूचना नाहीत, त्यामुळे कुलूप उघडण्या-लावण्याचं सगळं काम प्रोसेसरला साध्या गणिताने करावं लागतं. हळूपणा जाणवेल. सहावी-सातवीच्या मुलांना लांब पासवर्ड रोज टाकायला लावणंही जड आहे. विसरला तर आतलं काहीच परत मिळत नाही. मोठ्या मुलांचे ड्राइव्ह एन्क्रिप्ट करा, लहानांच्या ड्राइव्हमध्ये कागदपत्रं ठेवायचीच नाहीत असा नियम करा.

वाचनकट्टा | पाच आठवड्यांनी, रविवार, रात्री १०.००

सर्वांना सांगायला आलोय. २३ पैकी १९ ड्राइव्ह मुलांच्या हातात आहेत.

३२ जीबीचे घेतले, बिलासह. अक्कलकोटरोड अण्णांच्या सांगण्यावरून प्रत्येकावर एफ-थ्री चालवलं. एक खराब निघाला, दुकानदाराने बदलून दिला. मूळ ड्राइव्ह करायला मला तीन संध्याकाळी लागल्या. रीमास्टर पहिल्यांदा जागा कमी पडून थांबलं, जुन्या डाउनलोड केलेल्या फाइली काढल्यावर झालं. फक्त होम टिकवायचं, हेच ठेवलं. अकरावी-बारावीच्या चौघांचे ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेत. ते खरंच हळू चालतात, पण चौघांनाही ते मान्य आहे.

सहातल्या पाच यंत्रांवर सुरू करताना एफ१२ दाबून पेनड्राइव्ह निवडता आला. सहावं काही केल्या ड्राइव्ह दाखवेना. बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) यूएसबीवरून बूट बंद होतं, ते चालू केलं. पुढच्या बाजूचे पोर्ट ढिले झालेत, मुलाचा कोपर लागला की संपर्क तुटायचा आणि पडदा गोठायचा. आता सगळ्यांना मागच्या पोर्टपासून हातभर एक्स्टेंशन केबल काढून दिली आहे आणि ती टेबलाला पट्टीने बांधली आहे. इतक्या साध्या गोष्टीने अर्ध्या तक्रारी संपल्या.

एकदा वीज गेली तेव्हा सहा जण बसले होते. पाच ड्राइव्ह काही न होता चालू झाले. सहाव्याची फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करावी लागली, त्यात एका मुलीच्या निबंधाचा शेवटचा परिच्छेद गेला. तिच्यासोबत बसून तो परत लिहिला. आता लिब्रेऑफिसमध्ये दर दोन मिनिटांनी आपोआप जतन होईल असं मूळ ड्राइव्हमध्येच ठेवतोय.

सर, तुमचं म्हणणं मी सोडलेलं नाही. हरवण्याची भीती खरी होती, दोन ड्राइव्ह हरवले. पण दर रविवारी आरसिंक या कॉपी करणाऱ्या साधनाने प्रत्येकाचं होम एका मोठ्या हार्डडिस्कवर उतरवून घेतो, मुलाच्या हजेरी क्रमांकाच्या फोल्डरमध्ये. दोघांनाही नवीन ड्राइव्हवर मागच्या रविवारपर्यंतचं सगळं मिळालं.

एक अडचण सुटलेली नाही. ती मामाकडे जाणारी मुलगी ड्राइव्ह वापरून घरी आली की मामांच्या विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे जातं. त्यांनी विचारलं, हे मशीन बिघडवतंय का? तिला फार संकोच वाटला.

शेंगाचटणी | रविवार, रात्री १०.२०

मशीन बिघडत नाही, मामांना सांगा. संगणकाच्या आतलं घड्याळ विंडोज स्थानिक वेळेवर ठेवतं, लिनक्स बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर. आपला फरक बरोबर साडेपाच तासांचा. लिनक्स बंद होताना आपली वेळ लिहून जातं आणि विंडोज ती स्थानिक समजून वाचतं. मूळ ड्राइव्हमध्ये तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये हार्डवेअरचं घड्याळ स्थानिक वेळेवर आहे असं सांगा आणि पुढच्या रीमास्टरमध्ये घ्या. तोपर्यंत विंडोजमध्ये इंटरनेटवरून वेळ जुळवली की ठीक होईल.

होटगीरोडचा_मास्तर | रविवार, रात्री १०.५०

रविवारच्या बॅकअपचं वाचून समाधान वाटलं. माझी मोठी शंका तिथे मिटली. एक विचारतो: तो पाण्याची नोंद ठेवणारा मुलगा?

वाचनकट्टा | रविवार, रात्री ११.०५

सर, तो पहिले दोन आठवडे आलाच नाही संगणकाकडे. मी त्याचा ड्राइव्ह बाजूला ठेवला होता, वर त्याचं नाव लिहून. तिसऱ्या आठवड्यात स्वतः मागून घेतला. वहीतली नोंद आता तो परत टाइप करतोय, मागच्या तीन महिन्यांतलं आईला जेवढं आठवतं तेवढं वेगळ्या रंगात. फाइलचं नाव त्याने 'आमच्या नळाचं पाणी' ठेवलंय.

चार ड्राइव्ह व्हायचे आहेत आणि घड्याळाच्या सेटिंगसाठी सगळेच परत करावे लागतील. तेलुगू कळफलकात काही जोडाक्षरं मुलांना जमत नाहीत, मला तेलुगू वाचता येत नाही. पुढच्या रविवारी कोणी येऊ शकेल का?

अक्कलकोटरोड | सोमवार, सकाळी ६.५०

मी येतो की अण्णा, ११ वाजता. आमच्या अक्काला पण आणतो, ती तेलुगू चांगलं लिहितंय. चार ड्राइव्ह शनिवारी माझ्याकडं पाठवून द्या, रात्री एफ-थ्री लावून ठेवतो.